अकोला रोडवर भर दुपारी

अमरावती-अकोला रस्ता गिनीज बुकात गेला होता, हे पुण्या-मुंबईतल्या किती जणांना माहीत असेल? जून २०२२ मध्ये या पट्ट्यात ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली. ७२० माणसं, रात्रंदिवस काम, आणि तेही पाऊस न पडलेल्या वऱ्हाडी जूनमध्ये. आधीचा रेकॉर्ड कतारमधल्या दोहाच्या नावावर होता. म्हणजे बघा, वाळवंटाचा रेकॉर्ड वऱ्हाडानं मोडला. इथल्या उन्हाळ्याची ज्यांना कल्पना आहे, त्यांना यात काही विशेष वाटणार नाही.

आज या रस्त्यावर तुम्ही एसी फुल करून, स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून दीड-दोन तासांत अकोल्याला पोचता. गेल्या मे महिन्यात आम्हाला साडेसात तास लागले.

कारण गाडी होती १९६६ ची स्टँडर्ड हेरल्ड. दोन दारांची, फिकट निळी, ९४८ सीसीची. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही. अॅम्बेसेडर आणि फियाट यांच्या जमान्यात जी तिसरी गाडी होती ती ही. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनी इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डवरून ती बनवायची. डिझाइन इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीचं. याच हेरल्डची चेसिस आखूड करून मिकेलोत्तीनंच १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. त्यामुळे हेरल्ड म्हणजे स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण, फक्त मागच्या सीटवर दोन माणसांना घेऊन जाणारी. मागचे पंख, इवलीशी जागा घेऊन वळणारं स्टिअरिंग, आणि सगळ्यात भारी म्हणजे बॉनेट. ते आपल्या गाड्यांसारखं वर उचललं जात नाही. दोन बाजूंचे खटके काढले की मडगार्ड-हेडलाइटसकट अख्खं तोंडच पुढे कलंडतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं. टायरवर बसून आरामात काम करा. गाडी बनवणाऱ्यांना बहुतेक आधीच कल्पना असावी.

ही हेरल्ड माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची. काका अमरावतीच्या कॉलेजातून फिजिक्स शिकवून रिटायर झालेले, वय पंचाहत्तर. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, ते डॉक्टर होते. गेली दोन वर्षं ती अंगणात कव्हरखाली उभी होती, कारण गरम झाली की बंद पडायची. थंड असताना एका सेल्फमध्ये चालू, वीस किलोमीटर मस्त, मग दोन-चार आचके आणि खल्लास. अर्ध्या तासानं पुन्हा एका सेल्फमध्ये चालू! चार मेकॅनिक झाले. चौघांनीही कार्बोरेटर खोलला, चौघांनीही त्याचा स्क्रू आपापल्या श्रद्धेप्रमाणे फिरवला, आणि चौघांनीही पैसे घेतले.

त्यात परतवाडा रोडवरच्या एका रिसॉर्टवाल्यानं ऑफर दिली. लॉनवर ठेवायला विंटेज गाडी हवी होती. लग्नाच्या फोटोंसाठी, सेल्फी पॉइंट म्हणून. रक्कम चांगली होती. तो म्हणाला, "इंजिन नसलं तरी चालेल, उलट काढूनच टाकतो, ऑइल गळून लॉन खराब व्हायला नको." मैत्रीण पुण्यात आयटीत, भाऊ बंगलोरला. काकांनंतर गाडी बघणार कोण? घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं, काका सोडून. त्यांनी एक अट घातली. गाडी अकोल्याला जाऊन परत येईल. आली तर राहील, नाही आली तर तो रिसॉर्टवाला टोचन करून थेट घेऊन जाईल.

अकोलाच का? कारण तिथं आत्या राहतात. काकांची मोठी बहीण. १९६८ च्या मे महिन्यात लग्न होऊन त्या याच गाडीतून सासरी गेल्या.

मी म्हटलं, पहाटे निघू. काका हसले. "बेटा, सकाळी सहाले त बैलगाडीबी अकोल्याले पोचते. परीक्षा घ्यायची त दुपारचीच."

झालं. दहा वाजता, राजकमल चौकात गिला वडा खाऊन (वड्यावर दही-चटणी ओतून देतात, अमरावतीला जाऊन हा खाल्ला नाहीत तर गेलातच कशाला?) आम्ही निघालो. डोक्याला दुपट्टे, डिकीत वीस लिटर पाणी, एक पाना-पक्कड पिशवी. हेरल्डचं छत बोल्टनं बसवलेलं असतं, काढून ओपन कार करता येते. काकांनी हा पर्याय दिला तेव्हा मैत्रिणीनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर ४५ डिग्रीपेक्षा गरम होती.

बडनेऱ्याचं जंक्शन मागे पडलं. दोन्ही बाजूंना कपाशीची रिकामी काळी रानं, भेगाळलेली. मे महिन्यात वऱ्हाड म्हणजे काळा आणि पिवळा असे दोनच रंग. गाडी सत्तरवर सुरेख गुणगुणत होती. लोणीच्या आसपास पहिला आचका आला. दुसरा. तिसऱ्याला काकांनी शांतपणे गाडी कडुनिंबाखाली घेतली. जणू स्टॉपच होता.

बॉनेट कलंडलं आणि पाच मिनिटांत दहा माणसं जमली. कुठून येतात ही माणसं, देव जाणे!

"कार्बोरेटरमंदी कचरा असन जी."

"चोक मारून पाहा ना काका."

"हे कोन्ती गाडी होय? फॉरेनची?"

काकांनी कार्बोरेटरला हातही लावला नाही. आधी एक प्लग काढला, वायर जोडून इंजिनच्या धातूला टेकवला आणि मैत्रिणीला सेल्फ मारायला सांगितलं. निळी कडक ठिणगी. मग मला म्हणाले, "वर्गात पोरांना सांगायचो, आधी काय नाही ते ठरवा." जुन्या गाड्यांमध्ये कार्बोरेटरच्या नावानं खपणाऱ्या अनेक तक्रारी प्रत्यक्षात करंटच्या असतात. कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाला की दगा देतो, थंड झाला की साळसूद. लक्षणं डिट्टो तीच. म्हणून पहिली टेस्ट ठिणगीची. ठिणगी ठीक, म्हणजे भांडण पेट्रोलचं.

मग टाकीचं झाकण. झाकणाचं बारीक भोक बुजलं तर पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवेची पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता येत नाही. तसं असेल तर झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येतो. नाही आला.

उरला व्हेपर लॉक. आपल्या पिढीला हा शब्दच माहीत नाही, कारण आपल्या गाड्यांत पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो आणि तो पेट्रोल दाबानं पुढे ढकलतो. हेरल्डमध्ये पंप पुढे, इंजिनलाच चिकटलेला. कॅमशाफ्टच्या धक्क्यानं त्याचा पडदा हलतो आणि तो टाकीतून पेट्रोल ओढतो. ढकलणं आणि ओढणं यात फरक आहे. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं. त्यातले हलके घटक तर ३५-४० डिग्रीलाच उकळायला लागतात. वऱ्हाडात तेवढं सावलीतसुद्धा असतं! नळीत बुडबुडे झाले की पंप नुसता वाफेशी खेळत बसतो, कार्बोरेटर कोरडा.

उपाय सोपा. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं. अर्धा तास कडुनिंबाखाली. गाडी चालू.

इथवर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. पण कुरुमच्या अलीकडे पुन्हा तेच झालं, आणि या वेळी फडकं सतत ओलं होतं. मी मागच्या खेपेपासून दर दहा मिनिटांनी पाणी मारत होते. पंपाला हात लावला तर तो कोमट. उकळण्याइतका गरम नव्हताच. काका पहिल्यांदा गप्प झाले. रिसॉर्टवाल्याचा फोन दोनदा येऊन गेला होता.

एका पिकअपनं दोरी बांधून आम्हाला मूर्तिजापूरपर्यंत ओढलं. ड्रायव्हरनं पैसे घेतले नाहीत, फक्त हेरल्डसोबत फोटो काढला.

मूर्तिजापूर, हॉल्ट

मूर्तिजापूर हे गाव तुम्ही ट्रेनच्या खिडकीतून पाहिलं असेल. इथूनच शकुंतला रेल्वे निघायची, एका बाजूला यवतमाळ, दुसऱ्या बाजूला अचलपूर. वऱ्हाडातला कापूस मुख्य लाइनवर आणून पुढे मुंबई आणि मँचेस्टरला धाडण्यासाठी इंग्रज कंपनीनं टाकलेली नॅरोगेज. मँचेस्टरचं १९२१ चं वाफेचं इंजिन इथं १९९४ पर्यंत ओढत होतं. सत्तरहून जास्त वर्षं! आता गाडी बंद आहे. पण एखादं यंत्र म्हातारं झालं म्हणून लगेच लॉनवर ठेवायचं नसतं, हे या गावाला समजावून सांगावं लागत नाही.

स्टेशन रोडच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री सापडले. वय सत्तरच्या पुढं, चष्म्याला दोरी. शेडच्या अर्ध्या भागात त्यांच्या मुलाचं काम चालतं, तिथं लॅपटॉप, स्कॅनर, ट्यूबलाइट. अर्धा भाग मिस्त्रींचा, तिथं अंधार आणि रॉकेलचा डबा. २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून नव्या बाइकसुद्धा इंजेक्शनवर गेल्या, आणि मिस्त्रींच्या बाजूला येणारी गिऱ्हाइकं आटली. हेरल्ड आत आली तेव्हा मुलगा स्कॅनर सोडून बघायला आला. मिस्त्री उठलेही नाहीत.

"किती येळ चालते?"

"वीस किलोमीटर," काका म्हणाले.

"थांबली का किती येळानं चालू होते?"

"अर्धा तास."

"उन्हात कमी चालते का थंडीत?"

"उन्हात."

मिस्त्री उठले. शेजारी विडी ओढत उभ्या असलेल्याला आधी बाहेर हाकललं. बॅटरीपासून कॉइलला जाणारी वायर काढली, म्हणजे ठिणगीच नको. मग कार्बोरेटरला येणारी नळी सोडवून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातली आणि मुलाला म्हणाले, मार सेल्फ. खरं तर पंपाच्या प्रत्येक ठोक्याला चांगली चिळकांडी उडायला हवी. आली कशीबशी लाळ, तीही बुडबुड्यांची.

"पंप गेला," मुलगा म्हणाला.

मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. पंपाला टाकीकडून येणारी नळी काढली आणि तिथं दुसरी नळी लावून तिचं टोक पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडलं. मार सेल्फ. फट्‌, फट्‌, फट्‌... बाटली पंधरा-वीस सेकंदांत भरत आली. म्हणजे पंप ठणठणीत. म्हणजे पंपापुढचा कार्बोरेटरही, निदान या गुन्ह्यात, निर्दोष. चार मेकॅनिक आणि दोन वर्षं, आणि ज्या बाजूला कोणी पाहिलंच नव्हतं ती मागची बाजू.

"गाडी बिमार नाही जी," मिस्त्री म्हणाले, "उपाशी आहे. कोनीतरी गळा धरून राह्यलं तिचा."

हेरल्डची टाकी डिकीत असते. मिस्त्रींनी हात घालून टाकीच्या तोंडाशी असलेला रबरी नळीचा वीतभर तुकडा चाचपला, काढला, आणि ब्लेडनं उभा चिरून काकांच्या तळहातावर ठेवला. बाहेरून काळा, ठीकठाक. आतून फुगलेला, मऊ, चिकट, आतला थर सुटून लोंबत होता. पेट्रोल जायला पेन्सिलच्या शिशाएवढी जागा. थंड असताना तेवढ्यातून भागायचं. गरम झाला की रबर आणखी मऊ, त्यात पंपाची ओढ, नळी आतल्या आत मिटायची. गाडी थांबली की ओढ थांबली, अर्ध्या तासात नळी पुन्हा उघडायची. कमी दाबामुळे पेट्रोल उकळायचं ते वेगळंच. आमचं ओलं फडकं अगदीच वाया गेलं नव्हतं, पण ते रोगावर नव्हे, तापावर लावलेलं फडकं होतं.

हे कुणामुळं झालं? इथं तुमच्या-माझ्या टाकीत असलेल्या पेट्रोलकडं वळावं लागतं. देशात जून २०२२ मध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पंपांवर यायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पाही आला. ऊस आणि मक्याच्या शेतकऱ्याला बाजार मिळतो, आयात तेलाचा खर्च कमी होतो, हा हिशोब आपल्या जागी बरोबर आहे. पण इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. शिवाय ते पाणी शोषून घेतं. दोन पावसाळे उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत त्या पाण्यानं गंज धरला नसता तरच नवल. आणि तिसरी गोष्ट, इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपमधला सेन्सर ते ओळखतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरमध्ये कॉम्प्युटर नाही. तिथं पितळेचा एक जेट आहे, त्याला एक भोक आहे, आणि ते १९६६ च्या पेट्रोलसाठी पाडलंय.

तुम्ही २०२३ नंतरची, ई-२० साठी बनवलेली गाडी चालवत असाल तर यातलं काहीच तुमच्यापर्यंत येत नाही. पण गावच्या घरी बाबांची जुनी बाइक पडून असेल, तर या दिवाळीला तिची पेट्रोलची नळी दाबून बघा. फार खर्चाचं काम नाही.

नळी आणायला मी आणि मिस्त्रींचा मुलगा गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानातल्या पोरानं विचारलं, गाडी कोणती? हेरल्ड म्हटल्यावर त्यानं कॉम्प्युटरमध्ये शोधलं, दोनदा. मुलगा म्हणाला, "सोड ना बे, इंजेक्शनची नळी दे." नव्या गाड्यांच्या नळीला आतून जे अस्तर असतं, त्याला इथेनॉल काही करत नाही. मीटरभर घेतली, सोबत पारदर्शक फिल्टर. साठ वर्षांच्या गाडीला आजच्या गाडीची नळी, आणि ती सुचवली स्कॅनरवाल्यानं. मिस्त्रींनी नळी वाकवून, हुंगून पाहिली आणि मान हलवली. मला वाटतं, ती शाबासकी होती.

मग आला कार्बोरेटर. खोललाच नसता तर मिस्त्रींना झोप आली नसती. तळाच्या वाटीत गंजाचा तांबूस गाळ निघाला. जेट त्यांनी तारेनं टोचला नाही, तोंडानं फुंकला आणि उन्हाकडे धरून पाहिला. तार घातली की पितळ घासतं, भोक वाढतं आणि त्यावरचा नंबर खोटा ठरतो. हा नंबर म्हणजे भोकाचं माप, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मग त्यांनी बिस्किटांचा एक जुना डबा उघडला. आत शेकडो जेट. फियाटचे, जीपचे, अॅम्बेसेडरचे, हेरल्डचे, नंबरवार कागदात गुंडाळलेले. पाच नंबर मोठा जेट निवडून बसवला. आधीच्या चौघांनी फिरवलेला तो स्क्रू? तो फक्त गाडी उभी असतानाच्या, म्हणजे आयडलिंगच्या, पेट्रोलचा असतो. रस्त्यावर पळताना त्याचा काही संबंध नाही.

मिस्त्रींनी मजुरी सांगितली, काकांनी ती दुप्पट दिली, मिस्त्रींनी अर्धी परत केली. यात पंधरा मिनिटं गेली. वऱ्हाडात हे असंच चालतं.

आत्या

चार वाजून गेले होते. बोरगाव मंजू मागे पडलं तेव्हा फिल्टरमध्ये पेट्रोल स्वच्छ नाचताना दिसायचं, असं मैत्रीण म्हणते, कारण ती दोनदा गाडी थांबवून बघायला उतरली. दोन्ही वेळा काकांनी इंजिन मुद्दाम बंद केलं, गरम असतानाच. दोन्ही वेळा एका सेल्फमध्ये चालू. साडेपाचला मोर्णेचा पूल ओलांडून आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात शिरलो.

आत्या दारात उभ्या होत्या. "एवढ्या उन्हात कोन येते बापा!" हे पहिलं वाक्य. दुसरं, गाडीभोवती एक चक्कर मारून, "रंग बदलला का हिचा?" १९६८ मध्ये गाडी पांढरी होती. मग त्या काही न बोलता पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. काकांनी त्यांना राजराजेश्वर मंदिरापर्यंत नेऊन आणलं. आम्ही दोघी ओट्यावर बसून पन्हं प्यायलो. परत आल्यावर आत्या म्हणाल्या, "तेव्हाही बंद पडली होती. मूर्तिजापूरलेच." काकांना हे आठवत नव्हतं, किंवा त्यांनी तसं दाखवलं. रात्री पातोडीचा रस्सा आणि भाकरी. तिखट इतकं, की व्हेपर लॉक आम्हालाच झाला.

दुसऱ्या दिवशी अकराला निघालो. ऊन तेच. बोरगाव, मूर्तिजापूर. तिथं काकांनी गाडी मिस्त्रींच्या दारात उभी करून स्वतः प्लग काढला. पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळा असेल तर जास्त. प्लग होता दुधाच्या चहासारखा फिकट तपकिरी. मिस्त्रींनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "पावसाळा लागला का अजून एकदा दाखवजा."

रिसॉर्टवाल्याचा तिसरा फोन तिथंच आला. काका शेडबाहेर जाऊन बोलले. आम्हाला ऐकू आलं ते एवढंच, "नाही जी. इंजिन काढून त नाहीच, आन्‌ इंजिनसकटबी नाही." पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी, कारण काकांनी फोनवर हात ठेवून मिस्त्रींना विचारलं, "तुमच्याजवळ कोन्ती बंद फियाट आहे का, ठेवायले?"

"बंद?" मिस्त्री म्हणाले. "माह्या शेडमधली एकबी बंद नाही."

मूर्तिजापूर ते अमरावती, सव्वा तास. न थांबता.